लोभ, धंदा आणि घर
(गृहस्थ उपासक-उपासिकांसाठी अभ्यासपाठ)



आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीपुढे मुख्य प्रश्न होता तो पोट भरण्याचा. त्यांनी गावकीची कामे सोडली. कोणी दौंडला रेल्वेत गेले, कोणी लष्करात भरती झाले, कोणी दुसऱ्याच्या उसात राबले. पण मुलांना शाळेत घातले. त्या मुलांपैकी काही नोकरीला लागली. आता त्यांची मुले धंद्यात उतरत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. १९७८ साली महाराष्ट्र शासनाने महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन केले आणि धंद्यासाठी कर्ज मागण्याची वाट थोडी मोकळी झाली. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची संघटना, म्हणजे 'डिक्की', सुरू केली. नोकरी मागणारा समाज नोकरी देणारा व्हावा, हा विचार त्यातून पुढे आला.

आपल्या केडगावात तर धंद्याला जागाच जागा आहे. पुणे-दौंड लोहमार्ग दारातून जातो, चौफुल्याला पुणे-सोलापूर महामार्ग आहे, कालव्याचे पाणी आहे, ऊस आहे, गुऱ्हाळे आहेत, कांद्याचा बाजार आहे. कोणी टेम्पो घेतो, कोणी किराणा मांडतो, कोणी मंडप-केटरिंग करतो, कोणी बांधकामाचे ठेके घेतो. चार पैसे दिसू लागतात. आणि पुष्कळ घरांत नेमकी त्याच वेळी तक्रार सुरू होते, की पूर्वी पैसा नव्हता, पण घरात बोलणे-चालणे होते. आता पैसा आहे, पण माणूस घरात नाही.

असे का होते, आणि धम्म याविषयी काय सांगतो, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

१. धम्म संपत्तीच्या विरोधात आहे काय?

नाही. हा गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. १९५० साली 'महाबोधी' या नियतकालिकात बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला. त्यात त्यांनी धर्म पारखण्याच्या काही कसोट्या मांडल्या. धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये, ही त्यांपैकी एक. ज्यांच्यावर दारिद्र्य पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले, त्यांना त्याची थोरवी सांगणे म्हणजे त्यांची चेष्टाच होय.

तथागतांचा उपदेशही हेच दाखवितो. कोलियांच्या कक्करपत्त गावी दीघजाणु नावाचा गृहस्थ भगवंतांकडे आला. आम्ही बायका-मुलांत राहणारी, चंदन लावणारी, सोने-रुपे बाळगणारी माणसे आहोत, आम्हाला झेपेल असा धम्म सांगावा, अशी त्याने विनंती केली. भगवंतांनी त्याला घर सोडायला सांगितले नाही. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. पहिली उट्ठानसंपदा, म्हणजे उद्योगात कौशल्य आणि कष्ट. दुसरी आरक्खसंपदा, म्हणजे धम्माने मिळविलेल्या धनाचे रक्षण. तिसरी कल्याणमित्तता, म्हणजे चांगल्यांची सोबत. चौथी समजीविता, म्हणजे मिळकत आणि खर्च यांचा समतोल राखून जगणे.

अंगुत्तर निकायात दुकानदाराची उपमा आहे. जो दुकानदार सकाळी, दुपारी आणि सायंकाळी आपल्या कामात नीट लक्ष घालतो, त्याचीच भरभराट होते, असे तेथे म्हटले आहे. तेव्हा कष्टाला लोभ म्हणू नये. पहाटे चारला उठून बाजार गाठणारा भाजीवाला लोभी नव्हे. मुलीच्या शिक्षणासाठी जादा फेरी मारणारा टेम्पोवालाही लोभी नव्हे.

मग लोभ कशाला म्हणावे?

२. लोभ घराच्या नावाने येतो

लोभ, द्वेष आणि मोह ही तीन अकुशलाची मुळे आहेत. द्वेष चटकन ओळखू येतो, कारण त्याने स्वतःचेच अंग जळते. लोभ ओळखू येत नाही, कारण तो गोड लागतो. मोह त्याच्या जोडीला असतोच. गरजेला शेवट असतो: घर बांधायचे, ते बांधून होते, मुलाची फी भरायची, ती भरून होते. लोभाला शेवट नसतो. जेवढे मिळाले ते मोजून होण्याच्या आतच त्याचा डोळा पुढच्याकडे गेलेला असतो.

आणि धंदेवाल्या माणसाकडे लोभ नेहमी एकाच वेषात येतो. "हे सगळे मी कोणासाठी करतो? पोराबाळांसाठीच ना!" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. ते पूर्ण खोटे नसते, निम्मे खरे असते, आणि म्हणूनच ते घातक आहे. संपूर्ण खोटे असते तर माणूस कधीतरी सावध झाला असता. ज्या मुलांसाठी सर्व चालले आहे, त्यांच्याशी बोलायला वेळ नसतो. ज्या पत्नीच्या सुखासाठी धावपळ आहे, तिला विचारून एकही निर्णय होत नाही. घर हे कारण म्हणून पुढे केले जाते आणि माणूस म्हणून मागे पडते.

हा लोभ घरात चार पायऱ्यांनी उतरतो असे दिसते.

पहिली पायरी वेळेची. पहिल्या दुकानाची घडी बसण्याआधीच दुसरे दुकान निघते. जेवणाच्या ताटावर फोन वाजतो आणि घास हातात ठेवून बोलणे सुरू होते. मुलगा कोणत्या इयत्तेत आहे, हे आठवावे लागते.

दुसरी पायरी हिशेबाची. गल्ला आणि घरखर्च एकच होतो. किती आले, किती देणे आहे, हे घरात कोणाला ठाऊक नसते. पत्नीने विचारले तर "तुला काय कळते त्यातले?" असे उत्तर मिळते. कर्जाच्या कागदावर मात्र तिची सही लागते.

तिसरी पायरी कर्जाची. कर्ज काढणे हा दोष नव्हे. भांडवल नसलेल्या समाजाला कर्जाशिवाय धंदा करता येत नाही. परंतु धंद्यासाठी काढलेल्या कर्जातून मोठी गाडी येते, लग्नात मानपान होतो, आणि हप्ता फेडायला दुसरे कर्ज निघते. एका सावकाराकडून दुसऱ्या सावकाराकडे, आणि आता तर फोनवर क्षणात मिळणाऱ्या कर्जाकडे माणूस वळतो. मग वसुलीचा फोन घरच्यांना येतो. कर्ज एकाने काढलेले असते, भीती मात्र सर्वांच्या वाट्याला येते.

चौथी पायरी सचोटीची. ही शेवटची, कारण येथवर आलेल्या माणसाला दुसरा मार्ग सुचेनासा होतो. वजनात मारायचे, मालात मिसळायचे, मजुराची मजुरी अडकवून ठेवायची. येथे धंद्याबरोबर शीलही जाते, आणि बाप काय करतो हे मुले पाहत असतात.

३. गुऱ्हाळातून एक धडा

आपल्या भागातील गुऱ्हाळाचेच उदाहरण घेऊ. रस काहिलीत चढतो, चुलाणात चिपाड जळत असते, भेंडीचे पाणी सोडून मळी काढतात. पण सर्व कौशल्य गुळव्याच्या हाती असते. तो पाकाचा थेंब पाण्यात टाकून पाहतो. काहील लवकर उतरवली तर गूळ पातळ राहतो, ढेप बसत नाही. उशीर झाला तर पाक करपतो. जाळ घालणे कोणालाही जमते. काहील नेमकी केव्हा उतरवायची हे ज्याला कळते, तोच गुळव्या. धंद्यातील माणसालाही थांबण्याची वेळ कळली पाहिजे. समजीवितेचा अर्थ तोच आहे.

याच व्यवसायात लोभाचे रूपही पाहायला मिळते. उसाच्या रसात स्वस्तातली साखर मिसळून गूळ काढायचा, तो पिवळाधमक दिसावा म्हणून त्यात नको ते घालायचे, असे प्रकार होतात. अशा भेसळीवर अन्न व औषध प्रशासनाने अलीकडच्या वर्षांत दौंड तालुक्यातही कारवाया केल्या आहेत. भेसळ करणाऱ्याचा तोटा केवळ दंडापुरता नसतो. तो स्वतःच्या घरात तो गूळ वापरतो काय? आपल्या नातवाच्या हातावर त्यातला खडा ठेवतो काय? जो माल आपण आपल्या घरच्यांना देणार नाही, तो दुसऱ्याच्या घरच्यांना विकणे, याला सम्यक आजीविका म्हणता येणार नाही. सचोटीने गूळ करणाऱ्या शेजाऱ्याचा भावही त्यामुळे पडतो, हे आणखी वेगळे.

४. श्रावस्तीचे दोन श्रेष्ठी

संयुत्त निकायात श्रावस्तीच्या एका श्रेष्ठीची हकीकत आहे. तो निपुत्रिक मरण पावला. राजा पसेनदी त्याची बेवारस संपत्ती राजवाड्यात जमा करून भरदुपारी भगवंतांकडे आला. सोनेच ऐंशी लाख होते, रुपे वेगळे. आणि हा मनुष्य जेवत काय होता? कणीचा भात आणि आंबट कांजी. नेसत होता तागाचे जाडेभरडे. फिरत होता मोडक्या रथातून, डोक्यावर पानांची छत्री धरून. भगवंतांनी त्याच्या संपत्तीला निर्जन, भयाण जागी असलेल्या तळ्याची उपमा दिली. पाणी स्वच्छ, थंड आणि गोड. पण ते कोणी पीत नाही, कोणी त्यात नाहत नाही, ते तसेच आटून जाते. स्वतःला, आईवडिलांना, बायकामुलांना, नोकराचाकरांना ज्याचे सुख मिळाले नाही, ते धन असेच वाया जाते.

त्याच श्रावस्तीत सुदत्त नावाचा दुसरा श्रेष्ठी होता. त्यालाच आपण अनाथपिंडिक म्हणतो. जेतवन विकत घेण्यासाठी त्याने जमिनीवर सुवर्णनाणी अंथरली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. अट्ठकथेतील पुढचा भाग मात्र आपण फारसा सांगत नाही. त्याने अठरा कोटी व्यापाऱ्यांना उसने दिले होते, ते परत आले नाहीत. नदीकाठी पुरलेले आणखी अठरा कोटी पुरात वाहून गेले. तो निर्धन झाला. भिक्खूसंघाला वाढण्यासाठी त्याच्याकडे उरली कणी आणि आंबट कांजी. तरीही त्याने दान थांबविले नाही. देणाऱ्याचे चित्त निर्मळ असेल तर साधे दानही हलके नसते, असे भगवंतांनी त्याला सांगितले.

बांधवहो, येथे लक्ष द्यावे. दोघे एकाच नगरातले, दोघे श्रेष्ठी, आणि दोघांच्या पानात तीच कणी आणि तीच कांजी. एकाच्या घरी ती धन असून लोभाने आली, दुसऱ्याच्या घरी धन गेल्यावर आली. पहिल्याच्या पानाजवळ बसायला कोणी नव्हते. दुसऱ्याचे घर अशा दिवसांतही भरलेले होते. मनुष्य श्रीमंत आहे की गरीब, यावरून लोभ मोजता येत नाही; त्याच्या धनापर्यंत आणि त्याच्यापर्यंत घरच्यांचा हात पोहोचतो की नाही, यावरून तो मोजता येतो.

५. वारसा वेळेवर सोपविणे

आपल्या काळातले महाराष्ट्रातलेच एक उदाहरण पाहू. मुंबईत कुर्ल्याला कमानी ट्यूब्ज हा धातूच्या नळ्या तयार करणारा नामांकित कारखाना होता. संस्थापक रामजीभाई कमानी यांच्या पश्चात मालक कुटुंबात वाद झाले. कारखाना डबघाईला येण्याच्या कारणांमध्ये हे वादही होते. १९८५ साली तो बंद पडला. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने तो कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आला. देशभर त्याची चर्चा झाली. पुढे तोही प्रयत्न अडचणीत आला. अखेर अकोला जिल्ह्यातील खेड्यात जन्मलेल्या, बालविवाहाचे दुःख भोगून मुंबईत शिवणकामापासून उभ्या राहिलेल्या कल्पना सरोज यांनी तो हाती घेतला. २००६ पासून त्याची धुरा त्यांच्याकडे आली. बँकांची देणी आणि कामगारांचे थकलेले पैसे चुकते करून त्यांनी कारखाना सावरला. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपण कल्पना सरोज यांच्या यशाचा अभिमान बाळगतो, तो योग्यच आहे. पण या हकीकतीत दुसराही धडा आहे. मालकांच्या घरातील भांडण मालकांच्या घरापुरते राहत नाही. ज्यांचा त्या भांडणाशी काहीही संबंध नव्हता, अशा कामगारांच्या चुली त्यामुळे थंडावतात. सिगालोवाद सुत्तात आईवडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. मुलांना पापापासून आवरणे, चांगल्याकडे वळविणे, शिल्प म्हणजे कामधंदा शिकविणे, अनुरूप विवाह करून देणे, आणि योग्य वेळी वारसा सोपविणे. यातील 'योग्य वेळी' हा शब्द महत्त्वाचा आहे. सर्व काही स्वतःच्या मुठीत धरून ठेवणे हाही लोभच. मूठ सैल होते ती मरणानंतर, आणि तोवर भावाभावांतील बोलणे थांबलेले असते. लहानशा दुकानालाही हे तितकेच लागू आहे.

६. गृहस्थाने काय करावे?

धम्म केवळ दोष दाखवून थांबत नाही. येथे पाच साध्या गोष्टी देत आहे.

(अ) मिळकतीचे वाटे करावेत. सिगालोवाद सुत्तात धनाचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग धंद्यात, आणि चौथा भाग अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवावा. लहान धंद्यात हे प्रमाण तंतोतंत पाळता येणार नाही. परंतु गल्ला वेगळा आणि घरखर्च वेगळा, हे तर आजपासून करता येते. दर महिन्याला ठरलेली रक्कम घरात द्यावी, आणि राखीव भागाला लग्नकार्यासाठीसुद्धा हात लावू नये.

(आ) पत्नीला कारभारात अधिकार द्यावा. त्याच सुत्तात पतीच्या कर्तव्यांमध्ये पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे आणि घरातील अधिकार तिच्या हाती सोपविणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आपण किती घरांत पाळतो? महिन्यातून एकदा वही तिच्यापुढे उघडावी. ज्या कर्जाची माहिती घरात सांगण्याची हिंमत होत नाही, ते कर्ज काढू नये. धंदा करणारी उपासिका असेल, तर तिनेही हाच नियम पाळावा. आणि घरच्यांनी तिच्यावर दुकान व चूल असा दुहेरी भार टाकून स्वस्थ बसू नये.

(इ) कामगाराला घरचा समजावे म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावे. त्याच्या ताकदीप्रमाणे काम, वेळेवर अन्न व वेतन, आजारपणात काळजी, गोडधोडात वाटा आणि वेळोवेळी सुट्टी, असे पाच भाग सुत्तात सांगितले आहेत. आपल्याकडे गुऱ्हाळांवर, वीटभट्ट्यांवर दूरदूरच्या प्रांतांतून माणसे येतात. आपले आजोबा असेच दुसऱ्याच्या दारी राबत होते, हे विसरू नये.

(ई) गळती थांबवावी. दीघजाणुला भगवंतांनी तलावाची उपमा सांगितली. पाणी येण्याच्या चार वाटा बंद केल्या आणि जाण्याच्या चार उघड्या ठेवल्या, तर तलाव कोरडा पडणारच. व्यभिचार, दारू, जुगार आणि कुसंगत या त्या जाण्याच्या वाटा. धंद्यात पैसा खेळू लागला की यांपैकी एखादी वाट 'संबंध जपण्या'च्या नावाखाली उघडते. ठेका मिळविण्यासाठी सुरू झालेली बैठक पुढे ठेका नसतानाही चालू राहते.

(उ) दिखावा टाळावा, आणि कंजूषपणाही टाळावा. थोडी मिळकत असून थाटात राहणाऱ्याला सुत्तात उंबरे खाणाऱ्याची उपमा दिली आहे. त्याला खायची असतात चार फळे, पण तो झाड हलवून सारा सडा पाडतो. उलट भरपूर असून हलाखीत राहणाराही शहाणा नव्हे. तागडी धरणारा जसा दोन्ही पारडी पाहतो, तसे पाहत जगावे.

७. काळाची गोष्ट

शेवटी अनाथपिंडिकाच्या घरातलीच एक गोष्ट. त्याचा मुलगा काळ याला धम्मात रस नव्हता. बाप नगरातला सर्वांत मोठा उपासक, पण मुलगा विहाराकडे फिरकत नसे. तेव्हा अनाथपिंडिकाने त्याला पैशांचे आमिष दाखविले. उपोसथ पाळलास तर शंभर नाणी देईन. काळ गेला, तेथे झोपून आला, आणि नाणी हातात पडेपर्यंत त्याने अन्नाला शिवले नाही. मग बाप म्हणाला, भगवंतांजवळ बसून एक गाथा पाठ करून ये, हजार देईन. काळ ऐकायला बसला. भगवंतांनी असे केले की गाथा त्याच्या ध्यानात राहीना. म्हणून तो पुन्हापुन्हा लक्ष देऊन ऐकू लागला. ऐकता ऐकता त्याला धम्म उमगला. दुसऱ्या दिवशी भगवंतांच्या समोर बापाने थैली पुढे केली, तेव्हा तो संकोचला आणि त्याने ती घेतली नाही.

आपणही मुलांना असेच काही ना काही देत असतो. परीक्षेत पास झाला तर फोन, शांत बसला तर पैसे, आपण घरी नसलो म्हणून खेळणी. पैशाने काळ विहारापर्यंत गेला, यात शंका नाही. परंतु तो बदलला तो थैलीमुळे नव्हे, कोणीतरी त्याला जवळ बसवून घेतले आणि वेळ दिला म्हणून. हे काम पैशावर सोपविता येत नाही. दुकान नोकरावर सोपवून दोन दिवस गावाला जाता येते. बाप होणे कोणावर सोपविणार?

अनाथपिंडिकालाच भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली होती. धन असण्याचे सुख, ते भोगण्याचे सुख, कर्ज नसण्याचे सुख आणि निर्दोष वागण्याचे सुख. पहिली तिन्ही मिळून चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याचीही नाहीत, असे तेथे म्हटले आहे. लोभी माणूस पहिल्या सुखातच अडकून पडतो आणि उरलेली तीन हातची घालवितो.

घरी सर्वांनी मिळून विचार करण्यासाठी प्रश्न

१. गेल्या महिन्यात आपल्या घरातील सर्व माणसे किती वेळा एकत्र जेवली?

२. आपल्या धंद्यावर आज किती देणे आहे, हे घरातील दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगता येईल काय?

३. आपण विकतो तो माल आपल्या मुलांना निःशंकपणे देऊ काय?

४. आपल्याकडे काम करणाऱ्याची मजुरी थकली आहे काय? असल्यास ती कोणत्या तारखेला देणार?

५. धंदा किती वाढला म्हणजे पुरे, हे आपण घरात बसून कधी ठरविले आहे काय?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर एकट्याने देऊ नये. ते पत्नीला, पतीला, आईवडिलांना आणि जाणत्या मुलांना विचारावे, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.